केमोत पेशी उतरल्या की गाठणारा ‘थायमोसिन’वाला

खानापूर तालुक्यातल्या आमच्या अक्काला स्तनाचा कॅन्सर आहे. केमोच्या दुसऱ्या डोसनंतर पांढऱ्या पेशी एवढ्या उतरल्या की डॉक्टरांनी पुढचा डोस लांबवला. अशा वेळी घरचं माणूस कुणाचंही ऐकतं, आणि ही माणसं नेमकी तीच वेळ साधतात. दाजींना ‘थायमोसिन’ नावाचं औषध विकणारा तो माणूस कोल्हापुरात, हॉस्पिटलजवळच्या खानावळीत भेटला. मराठी, कन्नड दोन्ही सफाईनं बोलणारा. “मी पण तिकडचाच, निपाणी भागातला,” म्हणाला.

त्याचं सगळंच बोलणं खोटं असतं तर दाजी फसले नसते. छातीच्या हाडामागं थायमस ग्रंथी असते, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी तिथं तयार होतात, वयात आल्यावर ती आक्रसत जाते, हे खरं. थायमोसिन अल्फा-1 हे 28 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, काही देशांत हिपॅटायटिस बीवर मंजूर आहे, हेही खरं. “केमोबरोबर घेतलं की कॅन्सर परत फिरकत नाही,” ही पुढची जोड मात्र त्याची. कॅन्सरच्या रुग्णांना थायमसचे पेप्टाइड देऊन केलेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं 2011 साली आढावा घेतला. त्यानं मृत्यू टळतात किंवा आजार थांबतो, असा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. थायमसच्या शुद्ध अर्कानं गंभीर संसर्ग कमी होत असावेत, एवढीच शक्यता नोंदवली, तीही आणखी अभ्यास हवा असं सांगून.

उसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं. त्यातले 42 हजार दाजींनी फोनवरून पाठवले. पार्सल बसनं आलं. थर्माकोलच्या डब्यात बर्फाचं पाणी झालेलं, बाटल्या कोमट. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. बाटलीच्या तळाला पांढरी पूड, वर चिकटवलेल्या कागदावर नाव आणि मिलिग्रॅम. कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, एमआरपी, काहीच नाही. खाली बारीक इंग्रजीत ‘फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही’. साध्या तापाच्या गोळीच्या पाकिटावरसुद्धा बॅच नंबर असतो हो!

पैसे गेले ते गेले, पण पुढचं आठवलं की अजून अंग थरथरतं. ते औषध घेतल्यावर अक्काला हुडहुडी भरून ताप आला. दाजींनी फोन लावला तर हा म्हणतो, “आण्णा, ताप म्हणजे औषध लागू पडतंय. हॉस्पिटलला कळवू नका, ते बंद करायला लावतील.” पेशी उतरलेल्या असताना 100.4 फॅरनहाइटला ताप टेकला की रात्री-अपरात्रीही हॉस्पिटल गाठायचं असतं, अँटिबायोटिक ताबडतोब सुरू व्हावं लागतं. भाच्यानं कुणाचं ऐकलं नाही, पहाटेच गाडी काढली म्हणून निभावलं. तिथं पेशी वाढवायला फिलग्रास्टिमचं इंजेक्शन दिलं, रीतसर पावतीचं.

उरलेल्या बाटल्या, खोकं आणि पैसे पाठवल्याचे मेसेज जपून ठेवले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, औषध नियंत्रण खात्याकडं अर्ज दिला. कॅन्सरवरच्या औषधाच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून त्यानं वाटलेलं पत्रकही अर्जाला जोडलं. पैसे परत मिळालेले नाहीत. त्याचा नंबर बंद लागतोय, पण चिकोडीकडच्या एका घरी तसंच पत्रक नव्या नंबरानं पोचलंय. तुमच्याकडं आलं असेल तर फाडू नका, पोलिसांकडं द्या.