चोपण रानात धैंचा: 20 किलो बियाण्याचा अनुभव

शिरोळ तालुक्यात नदीच्या अंगाला आमचं 35 गुंठ्यांचं एक चोपण, म्हणजे खारानं बिघडलेलं, रान आहे. वर्षानुवर्षं उसावर ऊस आणि मोकाट पाणी, त्यामुळं उन्हाळ्यात वरंब्यांवर पांढरा खार फुलायचा. ऊस गुडघ्याला लागेपर्यंत वाढायचा आणि पिवळा पडायचा. या रानाच्या हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे हिरवं पीक रानातच गाडून खत करायला, मी लागोपाठ दोन वर्षं धैंच्याचं बी विकत घेतलं. एकदा फसले, एकदा जमलं.

ताग न घेता धैंचाच का? ताग निचऱ्याच्या रानाला उत्तम, पण पाणी साचलं की त्याला सोसत नाही. धैंचा चिखलातही तग धरतो आणि खार पण सहन करतो. आमच्यासारख्या पाणथळ रानाला हेच बी.

पहिल्या वर्षी जवळच्या एका दुकानातून सुटं बी घेतलं. गोणीवर लेबल नाही, तारीख नाही. 20 किलो फेकलं तरी रान विरळच राहिलं, मधे सगळं तण. दुकानदारानं पावसावर ढकललं. बियाण्याच्या पैशांचं मला एवढं वाटलं नाही, पण दीड महिना रान अडकून पडलं तो राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या गावातून बंद पिशवी आणली, किलोला 110 रुपये. लेबलवर लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख, सगळं होतं. तरी घरी येऊन 100 बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. चौथ्या दिवशी 87 बियांना मोड. मग जीव भांड्यात पडला. बी बारीक, लांबट, हिरवट-तपकिरी आणि कवचाला टणक असतं, म्हणून रात्रभर भिजवून सावलीत सुकवलं आणि रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत, चोळलं. मृगाच्या पावसावर वाफसा आला तसं एक पोतं सुपर फॉस्फेट टाकून बी फेकलं, वरून हलका कुळव फिरवला. आठवड्यात रान हिरवं.

महिन्यानं शेजारचा पोरगा बांधावरून विचारतो, "काकी, औंदा गवत पेरलंय काय?"

"ये इकडं, दाखवते," म्हटलं. एक रोप खुरप्यानं मातीसकट काढलं आणि बादलीत मुळं धुतली. मुळांवर मोहरीपासून ज्वारीएवढ्या गाठी लगडल्या होत्या. एक नखानं फोडली, आत चांगली गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ हवेतलं नत्र धरतेय. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती कामाची नाही. त्यानं मग स्वतःच चार-पाच फोडून बघितल्या आणि बोटं हुंगत घरी गेला.

जुलैत चार दिवस रानात पाणी उभं होतं. धैंचा ढिम्म हलला नाही.

खरी कसोटी गाडायच्या वेळेची. 47व्या दिवशी पीक माझ्या छातीला लागत होतं, तुरळक पिवळी फुलं दिसत होती आणि दांडा बोटांनी कट्कन मोडत होता. रोटर घेऊन आलेले दादा म्हणाले, "वहिनी, आणखी आठ-दहा दिवस ठेवा की, पाला वाढंल." मी ऐकलं नाही. दांडा लाकडासारखा झाला की लवकर कुजत नाही, आणि तो कुजवताना जिवाणू रानातलंच नत्र ओढून घेतात. त्याच दिवशी उभा-आडवा रोटर मारून घेतला. दोन दिवस त्या रानाला ओल्या पाल्याचा जडसर वास होता. वीस दिवस कुजू दिलं, मग सऱ्या सोडून उसाची आडसाली (जुलै-ऑगस्टमधली) लागण केली.

खताचं म्हणाल तर चांगल्या धैंच्यातून हेक्टरी 80 ते 100 किलो नत्र धरतात, म्हणजे एकरी 32 ते 40. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 20 किलो नत्र असतं. कागदावर दीड-दोन गोण्या वाचतात, पण सगळं नत्र लगेच पिकाला लागू होत नाही, म्हणून मी एकच गोणी कमी केली. उसाच्या फुटव्यांत काही कमी पडलं नाही. माती मात्र हाताला वेगळी लागते. पूर्वी ढेकूळ दगडासारखं असायचं, आता मुठीत दाबलं की फुटतं.

नुसत्या धैंच्यानं खार जाईल असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खार धुऊन जायला निचरा लागतो. आम्ही खालच्या बांधाला चर काढला आहे, आणि आमच्या भागात बऱ्याच जणांनी जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकलेत. खर्च मोठा आहे, पण त्याला पर्याय नाही.

पलीकडच्या 18 गुंठ्यांसाठी मी यंदा 10 किलो बी सांगून ठेवलंय, त्याच दुकानात. पिशवी बंदच हवी आणि चाचणीची तारीख ताजी हवी, हे पैसे देतानाच बजावलंय.