विंडोजच्या ‘सिक्युरिटी अपडेट’च्या नावाखाली आमच्या गावात झालेली फसवणूक

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने (सिक्युरिटी अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, ही बातमी खरी होती. तिला जोडून ‘त्या रात्रीनंतर विंडोज १० चालूच होणार नाही’ असे आमच्या भागात गावोगावी जे सांगितले गेले, ते मात्र खोटे होते. खऱ्या बातमीच्या आधाराने बोललेले खोटे चटकन पटते, म्हणून हा अनुभव मी सविस्तर लिहीत आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एक ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. माझ्यासारखी केंद्रे, शाळा, सहकारी सोसायट्या आणि घरी जुना संगणक असलेले निवृत्त लोक अशा साऱ्यांना या प्रकाराची झळ पोहोचू शकते.

तो काळ लक्षात घेतल्याशिवाय आम्ही सगळे एकदम का घाबरलो हे कळणार नाही. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी चालू होती आणि आधारचा ओटीपी वेळेवर येत नसल्याने बायका सकाळपासून केंद्रावर बसून राहत. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता, पण तो मिळवायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागत होती, आणि त्यासाठी सातबारा काढायला शेतकरी येत होते. त्यात दिवाळी तोंडावर आली होती. अशा दिवसांत केंद्राचा संगणक बंद पडणे म्हणजे कुणाचा तरी हप्ता किंवा कुणाची तरी नोंदणी राहून जाणे होते, आणि हे खोटे ‘अपडेट’ विकायला आलेल्या माणसाला पुरते ठाऊक होते.

तो मोटरसायकलवर आला. गळ्यात ओळखपत्र होते, हातात विंडोजचे चिन्ह आणि १४ ऑक्टोबर ही तारीख ठळक छापलेली पत्रके होती. तो अत्यंत नम्रपणे बोलला. “ताई, चौदा तारखेच्या रात्री बारानंतर विंडोज टेन चालूच होणार नाही. सरकारी पोर्टल त्यावर उघडणार नाही, आणि तुमचा आयडी ब्लॉक झाला तर आम्हाले सांगू नका जी,” असे त्याने रांगेतल्या लोकांदेखत सांगितले. रांगेतल्या एका काकूंनी लगेच विचारले, “मंग माह्या केवायसीचं कसं होईन बाई?” त्या प्रश्नानंतर माझ्यापुढे विचार करायला फारसा अवधी उरला नाही. संगणकामागे ३,५०० रुपये घेऊन तो ‘कायमस्वरूपी सिक्युरिटी अपडेट’ आणि विंडोज ११ टाकून देणार होता. माझ्यासोबत गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी आणि सोसायटीच्या कार्यालयानेही त्याच्याकडून काम करून घेतले. गुरुजींना पोर्टलची चिंता नव्हती, पण लेकीच्या लग्नापासूनचे सगळे फोटो त्याच संगणकात असल्याने तो बंद पडेल या कल्पनेनेच ते अस्वस्थ झाले होते.

गावात एकाच माणसाने त्याला परत पाठवले, तो म्हणजे बसस्थानकाजवळचा फोटो स्टुडिओवाला. “मी आजवर एक अपडेट नाही घेतला, माह्या मशीनले काय झालं?” असे त्याचे म्हणणे होते. त्याचे पैसे वाचले हे खरे, पण त्याचे कारण मला मान्य नाही आणि ते येथे खोडून काढणे मी आवश्यक समजते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणकांमधील फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, त्यांना त्याचा मोठा फटका बसला. आमच्याकडे लोक अपडेट टाळतात त्यामागे अडाणीपणा नसतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला मिळणारा दीड-दोन जीबी डेटा एकाच अपडेटमध्ये संपतो, अपडेट अर्धवट असताना लाइट जाते, आणि शेतकऱ्याचा अर्ज भरत असताना संगणक मध्येच बंद होऊन सुरू होतो. या तिन्ही तक्रारी रास्त आहेत. कामाच्या वेळेत संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ नये म्हणून सेटिंग्जमध्ये वापराचे तास ठरवून देता येतात, आणि इंटरनेटची जोडणी ‘मीटर्ड’ म्हणजे मर्यादित डेटाची अशी नोंदवली तर बहुतेक अपडेट विचारल्याशिवाय उतरत नाहीत. ही साधी माहिती कुणी दिली नाही, म्हणून अनेकांनी अपडेट कायमचे बंद करून टाकले आणि अपडेट म्हणजे नेमके काय याची ओळखच राहिली नाही. ‘आम्ही एकदाच टाकून देतो, मग पुन्हा काही करावे लागणार नाही’ हे त्या माणसाचे वाक्य अशा लोकांना सर्वांत गोड वाटले. वास्तविक मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अद्यतने देते, कारण नव्या त्रुटी सापडतच राहतात. एकदा टाकून आयुष्यभर पुरेल असे सुरक्षा अपडेट अस्तित्वातच नाही.

त्याने माझ्या लॅपटॉपवर काय केले, ते मला दिवाळीत कळले. अमरावतीला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला होता. त्याआधीच्या रात्री माझ्या चालू खात्यातून दोन व्यवहारांत ४१,००० रुपये गेले होते. मी बँकेत जाण्याच्या तयारीत होते, तेव्हा त्याने लॅपटॉप उघडून पाहिला. विंडोज ११ दिसत होते, पण ते चोरीचे होते. विंडोजचा परवाना तपासणारी ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा देऊन पाहिल्यावर परवान्याला मुदत असल्याचे दिसले. कंपन्यांच्या कार्यालयांसाठी असलेली, १८० दिवसांनी नूतनीकरण लागणारी पद्धत बनावट रीतीने वापरून ते चालू केलेले होते. असे क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणारे प्रोग्राम, विंडोजच्या स्वतःच्या ‘डिफेंडर’ या संरक्षणाला घातक म्हणून ओळखू येतात, त्यामुळे त्या माणसाने डिफेंडर बंद केला होता आणि अख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळला होता. क्रॅक निकामी होऊ नये म्हणून विंडोज अपडेटची सेवाही बंद केली होती. म्हणजे सुरक्षा अपडेटच्या नावाने पैसे घेऊन त्याने अपडेट आणि सुरक्षा या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या होत्या, आणि हे मला आजही फार लागते.

याहून गंभीर गोष्ट पुढे सापडली. दुसरीकडे बसून संगणक चालवता येतो असा एक प्रोग्राम त्याने ‘नंतर काही अडचण आली तर मदत करता यावी’ म्हणून ठेवला होता. माझ्या परवानगीशिवाय जोडणी होईल असा पासवर्ड त्याला लावलेला होता आणि लॅपटॉप सुरू होताच तो आपोआप चालू होत होता. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये जतन होता. ग्राहकांचे ओटीपी पटकन वाचता यावेत म्हणून फोनवरचे संदेश लॅपटॉपवर दिसण्याची सोय अनेक केंद्रांवर असते, तशी माझ्याकडेही होती, आणि रात्रभर मोठी फाइल उतरत असल्याने त्या दिवशी लॅपटॉप चालूच होता. पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही एकाच पडद्यावर उपलब्ध झाल्यावर फोन हातात असण्याची गरज उरत नाही. पैसे त्यानेच काढले, की ती जोडणी त्याने आणखी कुणाला दिली, हे तपासात ठरेल. माझे दार आतून उघडे ठेवून तो गेला, एवढे मात्र निश्चित आहे.

आम्ही प्रथम इंटरनेट तोडले, दुसऱ्याच फोनवरून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलला, आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर सायबर क्राइम पोर्टलवर व्यवहारांचे क्रमांक भरले आणि बँकेला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली. सकाळीच तक्रार गेल्यामुळे दुसऱ्या व्यवहारातील बरीचशी रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली आहे, ती अद्याप माझ्या हाती आलेली नाही. पहिल्या व्यवहाराचे पैसे आम्ही फोन करण्यापूर्वीच काढले गेले होते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तो कळवला, तर ग्राहकावर भार येत नाही. बँक माझ्या प्रकरणात जतन केलेल्या पासवर्डवर बोट ठेवत आहे आणि तो वाद चालू आहे. तरीही ग्राहकाच्या निष्काळजीपणाचे प्रकरण मानले, तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते, म्हणून लाजेपोटी एक तासही गप्प बसू नये. सोसायटीतल्या लोकांनी ‘गावात बोभाटा नको’ म्हणून तक्रार लांबवली, हे मला मुळीच पटलेले नाही.

आता जे फुकट किंवा अल्प खर्चात मिळत होते, त्याविषयी. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० बंद पडले नाही, स्टुडिओवाल्याचा संगणक आजही सुरू होतो. फक्त त्यात सापडणाऱ्या नव्या त्रुटी आपोआप बुजवल्या जात नाहीत. माझा लॅपटॉप तर विंडोज ११ साठी मुळातच पात्र होता. त्यातला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, केवळ बंद होती. भाच्याने ती चालू केली, सगळे पुसले आणि मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोज ११ टाकले. लॅपटॉपसोबत आलेला मूळ परवाना यंत्रातच असल्याने ते आपोआप सक्रिय झाले आणि एक रुपयाही लागला नाही. आपला संगणक पात्र आहे की नाही, हे मायक्रोसॉफ्टच्याच ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत प्रोग्रामवर कळते.

गुरुजींचा संगणक जुना आहे, तो पात्र नव्हता. त्या माणसाने अटी चुकवून त्यावरही विंडोज ११ बसवले होते, आणि अशा यंत्रांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यांच्या संगणकावर आम्ही पुन्हा मूळ परवान्याचे विंडोज १० टाकले, ते २२एच२ या शेवटच्या आवृत्तीपर्यंत आणले आणि विंडोज अपडेटच्या पानावर दिसणाऱ्या दुव्यावरून वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी केली. घरगुती वापरासाठीची ही योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती मोफत मिळते, अन्यथा ३० डॉलर किंवा त्या रकमेचे स्थानिक चलन भरावे लागते, आणि एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत ती चालते. संस्था आणि कार्यालये यांच्यासाठी वेगळी सशुल्क योजना आहे, पहिल्या वर्षी संगणकामागे ६१ डॉलर, म्हणून सोसायटीने नवे यंत्र घ्यायचे की हा खर्च करायचा, याचा हिशेब पदाधिकाऱ्यांनी करावा. गुरुजींचे फोटो त्या माणसाने जुन्या विंडोजच्या फोल्डरमध्ये ठेवले होते, म्हणून ते वाचले. आता त्यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे.

दारव्हा, दिग्रस, नेर या बाजूला ज्यांनी २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास घरी येणाऱ्या माणसाकडून असे ‘अपडेट’ करून घेतले असेल, त्यांनी आधी संगणकाचे इंटरनेट तोडावे. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीचे पान उघडून संरक्षण चालू आहे का आणि तपासणीतून काही वगळले आहे का, हे पाहावे. आपण न मागितलेला दूरून जोडणीचा प्रोग्राम सापडला, तर तो काढण्यापूर्वी पडद्याचा फोटो घ्यावा. आम्ही घाईत तो आधी काढून टाकला असता, तर त्यावरचा जोडणी क्रमांक पोलिसांना देता आला नसता. त्याने दिलेली पावती आणि पत्रक फेकू नये. आमच्याकडील दोन्ही पावत्यांवरचे दुकानाचे नाव आणि पत्ता खोटा निघाला, पण फोन क्रमांक एकच आहे, आणि तोच क्रमांक तुमच्याही पावतीवर असल्यास तक्रारीत तो अवश्य लिहावा.