गनाशमध्ये फ्लेवर घालायचाय? इसेन्स, इन्फ्युजन, पल्प की रम

घरी गनाश, म्हणजे गरम क्रीम चॉकलेटवर ओतून केलेलं मऊ मिश्रण, जमायला लागलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आता यात घालू काय. मी पहिल्यांदा सरळ कपाटातली ऑरेंज इसेन्सची बाटली काढली, चार थेंब जास्त पडले आणि सगळं गनाश लहानपणीच्या संत्र्याच्या गोळ्यांसारखं लागायला लागलं, २०० ग्रॅम चॉकलेट वाया. म्हणून आधी कशासाठी करताय आणि किती दिवस ठेवायचंय ते बघा, मग फ्लेवर ठरवा.

खाली सगळीकडे २०० ग्रॅम डार्क चॉकलेट धरलंय. ट्रफल (गनाशचे छोटे गोळे) करायला किंवा केकवर लावायला १०० ग्रॅम क्रीम, ओतायला पातळ हवं तर २००. आपल्याकडच्या अमूल फ्रेश क्रीममध्ये २५ टक्केच फॅट असतं त्यामुळे ते खळखळ उकळायचं नाही, कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद.

माझं मत विचाराल तर इन्फ्युजन. म्हणजे चहाला आलं-वेलची टाकतो तसंच, फक्त पाण्याऐवजी क्रीममध्ये. वेलची सालासकट ठेचून ६-७, किंवा जाडसर कुटलेल्या कॉफीच्या बिया २ चमचे, किंवा संत्र्याची किसलेली साल, गरम क्रीममध्ये टाकून १५-२० मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं, परत गरम करून चॉकलेटवर ओतायचं. साल फक्त वरची केशरी, पांढरा भाग आला की कडवट. एक गोष्ट सगळे विसरतात, गाळल्यावर क्रीम परत मोजा, कारण कॉफी आणि वेलची बरंच क्रीम पिऊन टाकतात, कमी भरलं तर वरून घाला, नाहीतर गनाश दगड होतं. आणि वेलचीबरोबर जायफळ घालायचा मोह आवरा, मी घातलं होतं, घरच्यांनी विचारलं पुरणपोळीचं चॉकलेट केलंय का. वेळच नसेल तर इन्स्टंट कॉफी १ चमचा गरम क्रीममध्ये विरघळवा, गाळायची भानगड नाही.

इसेन्स स्वस्त, झटपट, आणि सारखं तेवढंच माप टाकलं तर दरवेळी तीच चव, त्यामुळे ऑर्डरी घेणाऱ्यांना सोयीचा. पण वास पुढे येतो आणि चव मागे राहते. २-३ थेंबांपासून सुरुवात करा आणि गनाश कोमट झाल्यावर घाला, गरमात घातलं की वास उडून जातो. कंपाउंड चॉकलेट वापरत असाल तर खरंतर हेच ठीक आहे, त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट आणि साखर भरपूर, वेलचीची नाजूक चव त्यात कुठे कळणार.

पल्पचं प्रकरण जरा नाजूक. आमरस डार्क चॉकलेटमध्ये अक्षरशः हरवतो, हापूसचे पैसे वाया, तो व्हाइट चॉकलेटमध्येच छान लागतो. आधी कढईत आटवून घट्ट करा आणि जेवढा घालाल तेवढं क्रीम कमी करा. लिंबू, कोकमासारखं आंबट थेट गरम क्रीममध्ये घातलं तर फाटायची भीती. शिवाय पल्पवालं २-३ दिवसांत संपवायचं, साधं गनाश फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात राहतं.

रम सोपी. वितळलेल्या नुसत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी त्याचा गोळा होतो हे खरं, म्हणून लोक घाबरतात, पण गनाशमध्ये क्रीमचं पाणी आधीच असतं त्यामुळे १ मोठा चमचा रम काही बिघडवत नाही. शेवटी, कोमट असताना घाला. काजू फेणी घालणार असाल तर छोटा चमचाच, वास उग्र असतो. मुलांच्या वाढदिवसाला अर्थातच हा पर्याय नाही, तिथे पीनट बटर २ चमचे ढवळा, मुलं खूश.

म्हणजे केक आजच कापायचाय आणि हातात तास आहे तर कॉफी किंवा संत्र्याची साल, ऑर्डरचे डझनभर डबे असतील तर इसेन्स, मोठ्यांना भेट द्यायचे ट्रफल असतील तर रम.

आणि चाखताना फसू नका. गरम गनाशमध्ये जे बरोबर लागतं ते फ्रीजमधून काढल्यावर फिकं लागतं, कारण थंड झालं की वास दबतो. चमचाभर वाटीत काढून १० मिनिटं फ्रीजरला ठेवा, मग चाखा, मग वाढवायचं का ते ठरवा.