नाळेतील रक्ताची साठवण आणि अहवालातून गाळलेला आकडा

बाळाच्या नाळेतील रक्त खासगी बँकेत साठवण्यासाठी आम्ही जी रक्कम भरली, तिच्या बदल्यात आमच्या पदरात नेमके काय पडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण तीच माहितीपुस्तिका आणि तोच करारनामा आजही होऊ घातलेल्या आईवडिलांपुढे ठेवला जात आहे. कंपनीविरुद्ध आम्ही केलेल्या तक्रारीचा निकाल लागलेला नसल्याने कंपनीचे नाव देत नाही.

पत्नीला सातवा महिना लागल्यावर कंपनीची प्रतिनिधी आम्हाला भेटली. तिने सांगितलेले सगळेच खोटे नव्हते, आणि फसवणुकीची मेख तिथेच आहे. नाळेतील रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, हे खरे. १९८८ साली पॅरिसमध्ये फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार झालेल्या एका मुलावर अशा रक्ताचे प्रत्यारोपण यशस्वी झाले, हेही खरे. मात्र ते रक्त त्या मुलाचे स्वतःचे नव्हते, त्याच्या नवजात बहिणीचे होते, हा तपशील पुस्तिकेतून गाळलेला होता. पुस्तिकेत पुढे आजारांची लांबलचक यादी देऊन ‘आपल्या बाळासाठी आयुष्यभराचा जैविक विमा’ असे शब्द वापरले होते. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष बाळात असेल, तर तोच दोष त्याच्या नाळेतील पेशींतही असतो. आणि बालवयातील ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) रोगाकडे नेणारे जनुकीय बदल कित्येकदा जन्माआधीच घडलेले असल्याने तेथेही स्वतःचे रक्त सहसा वापरत नाहीत. म्हणजे यादीतील ठळक आजारांवर जे रक्त चालते, ते बहुधा दुसऱ्याचे असते. दुसऱ्याचे रक्त वापरताना ऊतींचे गुणधर्म जुळतात का हे पाहावे लागते, आणि सख्ख्या भावंडांतसुद्धा ते पूर्ण जुळण्याची शक्यता सुमारे २५ टक्केच असते.

तरीही हा सारा अतिरंजित जाहिरातीचा भाग म्हणून सोडून देता आला असता. खरी लबाडी प्रसूतीनंतर झाली. ‘आपला नमुना यशस्वीरीत्या जतन करण्यात आला आहे’ असे छापलेले, सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र आम्हाला मिळाले. सोबतच्या अहवालात रक्तगट, गोळा झालेल्या रक्ताचे आकारमान आणि काही संसर्गांच्या तपासण्यांचे निष्कर्ष होते. हा अहवाल पाहून ओळखीच्या एका रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, की पेशींची संख्या कुठे आहे? प्रत्यारोपणाचे यश रक्ताच्या मिलिलिटरवर नव्हे, तर त्यातील केंद्रकयुक्त पेशींच्या एकूण संख्येवर, सीडी३४ ही खूण असलेल्या, म्हणजे मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींवर आणि त्यांतील जिवंत पेशींच्या प्रमाणावर अवलंबून असते.

हा आकडा मागितल्यावर कंपनीने आधी गोपनीयतेचे कारण पुढे केले, जणू आमच्याच मुलीच्या रक्ताची माहिती आमच्यापासूनच गुप्त ठेवायची होती. लेखी तगादा लावल्यावर आकडा आला, तो एकूण १८ कोटी केंद्रकयुक्त पेशींचा. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो. पण रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण किमान २.५ कोटी पेशी लागतात, असे धरले जाते. त्या हिशेबाने आमचा नमुना जेमतेम सात किलो वजनाच्या बाळाला पुरला असता, आणि आकडा आमच्या हाती पडला तेव्हा मुलीचे वजन त्याहून अधिक होते. कराराच्या परिशिष्टात तर असे कलम होते, की पेशींची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा कमी भरल्यास पालकांना तत्काळ कळवून रक्कम परत घेण्याचा पर्याय दिला जाईल. आमचा नमुना त्या मर्यादेच्या खाली होता, हे कंपनीला प्रक्रियेच्या दिवशीच माहीत होते. तरीही आम्हाला काही न कळवता प्रमाणपत्र पाठवले गेले आणि पुढील हप्तेही वसूल करण्यात आले.

आणखी एक गोष्ट मला पैशांपेक्षाही गंभीर वाटते. रक्त भरपूर मिळावे म्हणून नाळेला लगेच चिमटा लावण्यास डॉक्टरांना सांगा, असा सल्ला प्रतिनिधीने दिला होता. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस याच्या उलट आहे: जन्मल्यावर बाळाला तातडीच्या कृत्रिम श्वासाची गरज नसेल, तर निदान एक मिनिट थांबावे, कारण त्या वेळात बाळाकडे जाणाऱ्या रक्तामुळे त्याच्या शरीरातील लोहाचा साठा वाढतो. सुदैवाने आमच्या डॉक्टरांनी तो सल्ला धुडकावला.

घरातील एखाद्या मुलाला प्रत्यारोपणाने बरा होऊ शकणारा आजार आधीच असेल, तर येणाऱ्या भावंडाच्या नाळेतील रक्त साठवण्याला वैद्यकीय आधार आहे. तो निर्णय मात्र त्या मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांबरोबर घ्यावा, विक्री प्रतिनिधीबरोबर नव्हे. इतरांनी सही करण्यापूर्वी पेशींची संख्या, जिवंत पेशींचे प्रमाण आणि जंतुसंसर्गाची चाचणी यांचे आकडे किती दिवसांत लेखी मिळतील, आणि ते अपुरे निघाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे करारातच नमूद करून घ्यावे.

कंपनीचे शेवटचे पत्र अलीकडेच आले. तक्रार मागे घेतल्यास पुढील वर्षांचे साठवण शुल्क माफ करू, असे त्यात म्हटले आहे. स्वतःच्याच नियमानुसार अपुरा असलेला नमुना फुकट सांभाळण्याचा हा प्रस्ताव आम्ही लेखी नाकारला असून, भरलेली संपूर्ण रक्कम परत मागितली आहे.