‘जीएच’च्या शब्दांची वही : सात महिन्यांनंतर

सात महिन्यांपूर्वी एक कोरी वही घेतली आणि ठरवलं, ज्या इंग्रजी शब्दात जी आणि एच लागोपाठ येतात तेवढेच शब्द हिच्यात लिहायचे. शेजारी उच्चार, खाली अर्थ आणि स्वतः रचलेलं एक वाक्य. त्याआधी मी विषयवार याद्या पाठ करायचो. त्यातून अर्थ लक्षात राहायचा, पण लिहायला बसलं की स्पेलिंग हमखास चुकायचं. आज वहीत 118 शब्द आहेत, रोज साधारण पंधरा मिनिटं तिला देतो.

पहिला महिना वाईट गेला. एकाच पानावर ‘दो’ (जरी), ‘थ्रू’ (मधून, आरपार), ‘थरा’ (कसून केलेलं) आणि ‘टफ’ (चिवट, अवघड) लिहिले. चौघांचाही शेवट ओ-यू-जी-एच, आणि चौघांचे उच्चार चार तऱ्हांचे. आठवड्याभरात ते एकमेकांत असे मिसळले की आधी जे येत होतं तेही येईना. त्यात मी सुरुवातीला एक आयती यादी उतरवून घेतली होती. तिच्यात ‘ड्राउट’ आणि ‘ड्राफ्ट’ यांचा उच्चार एकच दिलेला. पहिल्याचा अर्थ दुष्काळ, दुसऱ्याचा फटीतून येणारी वाऱ्याची झुळूक किंवा पेयाचा घोट. चारचौघांत उतारा वाचून दाखवताना मी झुळुकीच्या जागी दुष्काळ वाचला, तेव्हा ती यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येक उच्चार शब्दकोशात ऐकूनच लिहायचा, असा नियम केला.

मग वही नव्याने मांडली, उच्चाराप्रमाणे. ‘फ’ ऐकू येतो त्यांचं एक पान: लाफ, कॉफ (खोकला), रफ, इनफ. जीएच मुकं राहतं त्यांची बरीच पानं: नाइट, वेइट (वजन), नेबर, डॉटर. शब्दाच्या सुरुवातीला येतं त्यांचं एक छोटं पान. इथे आपल्याला विशेष जपावं लागतं. आपण रोमन लिपीत ‘घ’ जीएचनेच लिहितो, त्यामुळे ‘घोस्ट’, ‘घेटो’ असंच तोंडात येतं. इंग्रजीत तो साधा ‘ग’ आहे: गोस्ट, गेटो. ही एक खूण लक्षात आल्यावर माझं वाचन बरंच सुधारलं.

पण वही खरी मार्गी लागली ती तिसऱ्या महिन्यात, हे जीएच आलं कुठून ते समजल्यावर. जुन्या इंग्रजीत रात्रीसाठी ‘निह्त’सारखा शब्द होता आणि त्यातला मधला वर्ण घशातून घासत निघणाऱ्या ‘ख’सारखा उच्चारला जायचा. जर्मनमध्ये तो अजून ऐकू येतो: रात्र ‘नाख्ट’, मुलगी ‘टॉख्टर’. 1066 नंतर इंग्लंडवर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांची सत्ता आली, लिहिण्याच्या पद्धती बदलल्या आणि हा आवाज पुढे जीएचने लिहिला जाऊ लागला. नंतर बोलण्यातून तो गेला, काही शब्दांत त्याचा ‘फ’ झाला, स्पेलिंग मात्र राहिलं. म्हणजे ज्याला मी उगाच चिकटलेली अक्षरं समजत होतो, तो एकेकाळी स्पष्ट ऐकू येणारा आवाज होता! ‘डॉटर’शेजारी मी ‘दुहिता’ लिहिलं, ‘एट’शेजारी ‘अष्ट’, ‘नाइट’शेजारी ‘नक्त’. हे शब्द एकाच मूळ घराण्यातले आहेत. त्या दिवसापासून या तिघांचं स्पेलिंग मला पाठ करावं लागलेलं नाही.

‘गोस्ट’ची गोष्ट वेगळी. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला. त्याच्या काळात फ्लेमिश (आजच्या बेल्जियममधली डच) भाषेतल्या लेखनाच्या प्रभावाने या शब्दात एच शिरला, असं मानतात. आणि ‘डिलाइट’ (आनंद) तर फ्रेंचमधून आलेला, त्यात हा आवाज कधीच नव्हता. ‘लाइट’च्या संगतीने त्याच्यातही जीएच घुसलं. अशा शब्दांना मी वहीत लाल खूण करतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जी-एच-टी या शेपटाचा. हाय म्हणजे उंच, त्यावरून हाइट. वे म्हणजे वजन करणं, त्यावरून वेइट. सी वरून साइट (दृष्टी), फ्लाय वरून फ्लाइट, ड्राय वरून ड्राउट, ड्रॉ म्हणजे ओढणं त्यावरून ड्राफ्ट. दुष्काळात कोरडेपणा आहे आणि झुळुकीत, घोटात ओढणं आहे, हे दिसल्यावर माझा जुना घोळ कायमचा संपला. ‘स्लाय’ म्हणजे धूर्त, त्यावरून ‘स्लाइट’ म्हणजे हातचलाखी. याचं स्पेलिंग एस-एल-ई-आय-जी-एच-टी. किरकोळ या अर्थाच्या ‘स्लाइट’मध्ये तो ई नाही. क्रियापदांचंही तसंच: थिंक–थॉट, ब्रिंग–ब्रॉट, सीक–सॉट, आणि वर्क–रॉट. हा शेवटचा आता ‘रॉट आयर्न’ म्हणजे घडीव लोखंड, अशा मोजक्याच ठिकाणी भेटतो.

उणिवा आहेत. अक्षरांवरून शब्द गोळा केले की रोजचे आणि क्वचितचे एका रांगेत बसतात. ‘बाउ’ म्हणजे झाडाची फांदी, हा शब्द सात महिन्यांत मला एकदाच वाचायला मिळाला. ‘स्लाउ’ म्हणजे दलदल आणि ‘स्लफ’ म्हणजे कात टाकणं, दोघांचं स्पेलिंग अक्षरशः एकच, आणि दोघंही अजून मला चकवतात. बोलण्याचा सराव या वहीतून होत नाही, त्यासाठी वेगळं काही करावं लागतं. अगदी नवशिक्याला मी ही पद्धत सुचवणार नाही. हजारेक शब्द ओळखीचे असतील आणि स्पेलिंगपाशी अडत असेल, तर जरूर करून बघा. फक्त एकसारखे दिसणारे शब्द एका दिवशी लिहू नका, मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या.

कालपासून दुसरी वही सुरू केली, के-एनची. यातला केही पूर्वी उच्चारला जायचा. पहिल्या ओळीत ‘नी’ लिहिलं, अर्थ गुडघा, आणि शेजारी ‘जानु’. दुसऱ्या ओळीत ‘नो’, म्हणजे जाणणं. त्याच्यापुढे ‘ज्ञा’.