आधी श्वास की आधी पाय? आघातानंतर शरीर सावरायचं तर काय निवडावं

"ताई, अपघाताला आठ महिने झाले, तरी हॉर्न वाजला की हातपाय कापतात. प्राणायाम करू की डॉक्टरला दाखवू?" धुळ्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग इथून जातात, त्यामुळे रस्त्यावरचा अपघात कुणाच्या ना कुणाच्या घरात घडलेला असतोच. पण विचारणारे फक्त अपघातातले नसतात. नवऱ्याचा मार खाल्लेली बाई, लहानपणी अत्याचार सोसलेला तरुण, पुरात घर गेलेलं कुटुंब, सगळ्यांचा प्रश्न फिरून तोच.

उत्तर देण्याआधी मी एवढंच पाहते, की समोरच्याचं शरीर तापलंय की गोठलंय?

तापलेलं शरीर ओळखायला सोपं. छाती धडधडते, झोप उडते, दाराची कडी वाजली तरी माणूस दचकतो, लेकरांवर विनाकारण ओरडतो. आमच्याकडच्या बाया अहिराणीत सांगतात, "मना जीव घाबरस." गोठलेलं शरीर मात्र नजरेतून सुटतं. हातपाय जड होतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, रडूही येत नाही. "माले काहीच वाटत नही," एवढंच ती बाई बोलते, आणि घरचे म्हणतात, चला, सावरली एकदाची. ती सावरलेली नसते. धोक्यातून पळता येईना, लढता येईना, तेव्हा शरीर जे शेवटचं करतं ते तिचं शरीर अजून करत असतं.

या दोन टोकांच्या मधे एक पट्टा असतो. तिथं भावना जाणवतातही आणि झेपतातही. डॅनियल सीगल या मानसोपचारतज्ज्ञाने १९९९ साली त्याला 'विंडो ऑफ टॉलरन्स' हे नाव दिलं. मी बायांना मांड्याचं उदाहरण देते. खापर जास्त तापलं तर मांडा करपतो, थंड असलं तर कच्चाच राहतो. आघाताने हा मधला पट्टा अरुंद होतो, म्हणून जरा जाळ वाढला की करपणं आणि जरा कमी झाला की विझणं. एकच माणूस एका दिवसात दोन्हीकडे जाऊन येतो. म्हणूनच शेजारणीला लागू पडलेला उपाय तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

श्वास

श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत. म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेवायचं. चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. खर्च शून्य, एसटीतही जमतं. शरीर तापलेलं असेल तर हा उपाय खरोखर चांगला.

तरीही अनोळखी माणसाला मी पहिल्या दिवशी श्वास देत नाही. गळा दाबला गेलेला, पाण्यात बुडता बुडता वाचलेला, ढिगाऱ्याखाली अडकलेला माणूस श्वासाकडे लक्ष देतो तेव्हा त्याला तोच क्षण आठवतो. गोठलेल्या माणसाला डोळे मिटून हळू श्वास घ्यायला लावलं तर तो आणखी आत बुडतो. कपालभाती-भस्त्रिका तर मी सुरुवातीला स्पष्ट टाळायला सांगते. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आधीच घाबरलेलं शरीर त्यालाच नवं संकट समजतं.

ज्यांना श्वासाकडे बघवत नाही, त्यांना मी गुणगुणायला सांगते. जात्यावरची ओवी म्हणा, आरती म्हणा, काहीही. ओवीची ओळ एका दमात ओढायची तर श्वास आपोआप लांब सुटतो, आणि लक्ष शब्दांवर राहतं. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

पाय

दुसरा मार्ग म्हणजे डोळे उघडे ठेवून आत्ताच्या जागेवर परत येणं. पाय जमिनीवर दाबा, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या, चिंचेचं बुटूक जिभेवर ठेवा, उठून चार पावलं चाला. इंग्रजी नाव 'ग्राउंडिंग', पण 'पाय टेकवणं' म्हटलं की लगेच कळतं.

एका उन्हाळ्यातली गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बोलता बोलता बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. समोरची बाई ओरडली नाही. बोटावर पदराचं टोक गुंडाळणं चाललं होतं, ते फक्त थांबलं. नजर भिंतीवर, किंवा भिंतीच्या पलीकडे. मी म्हटलं, "ताई, मला माठातलं पाणी द्याल?" दोनदा म्हणावं लागलं. ती उठली, झाकण बाजूला केलं, ओल्या माठावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "गार शे." मग माझ्याकडे बघून, "माठ नवा शे का?" ती परत आली होती.

पाय टेकवण्याचा फायदा हा, की शरीर तापलेलं असो वा गोठलेलं, दोन्हीकडे चालतं आणि चुकलं तरी सहसा इजा होत नाही. म्हणून सुरुवात कुठून करायची हे ठरत नसेल तर इथून करा. तोंडावर गार पाण्याचे हबके मारल्यानेही हृदयाची गती मंदावते, पण हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मर्यादा एकच, आणि ती मोठी आहे. याने जखम भरत नाही. वेळ निभावते.

जखमेवरचे उपचार

महिना उलटूनही त्रास कमी होत नसेल तर तज्ज्ञाकडे जायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातोत्तर तणावासाठी सुचवलेल्या उपचारांत या दोन पद्धती आहेत: आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा, बोलून करायचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारा).

सीबीटीत घटनेबद्दल हळूहळू बोलायचं असतं, "चूक माझीच" यांसारखे विचार तपासायचे असतात, आणि घरी अभ्यास असतो. म्हणजे सोबत कुणाला घेऊन ज्या रस्त्याला टाळलं तिथं दहा मिनिटं उभं राहणं. ईएमडीआर ही फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून विकसित केलेली पद्धत. आठवण मनात धरून डोळ्यांनी डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटाचा माग घ्यायचा असतो. घटना तपशीलवार सांगावी लागत नाही, घरचा अभ्यासही नाही. जिथं गावात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथं लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईसाठी 'सांगावं लागत नाही' हे फार मोलाचं आहे. पण त्यासाठी प्रशिक्षित माणूस शोधावा लागतो, कदाचित नाशिक-पुण्यापर्यंत. दर आठवड्याचं भाडं आणि बुडणारी मजुरी हाही उपचाराचाच खर्च धरा. अर्ध्यात सुटणाऱ्या ईएमडीआरपेक्षा जवळची, शेवटपर्यंत होणारी सीबीटी मला बरी वाटते.

औषधांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि त्या घेणं हा कमकुवतपणा नाही. सांभाळायचं ते डायझेपाम-अल्प्राझोलामच्या गटातल्या, घबराट शमवणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या गोळ्यांबाबत. घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात तणावाच्या लक्षणांसाठी त्या देऊ नयेत असं त्याच २०१३ च्या मार्गदर्शनात आहे. सवय लागते; आणि आधीपासून चालू असतील तर एकदम बंदही करू नका.

भगताकडे जाऊन आलेल्या कुटुंबांवर मला रागावून चालत नाही, ती मायेपोटीच गेलेली असतात. पण धुरी, मारहाण, केस धरून ओढणं यांनी भेदरलेलं शरीर आणखी भेदरतं, आणि महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा आहे.

जीव द्यावासा वाटत असेल, दारू वाढली असेल, खाणंपिणं सुटलं असेल तर तुलना करत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि तज्ज्ञ निवडताना पहिल्या भेटीत एवढं विचारा, "बोलता बोलता मी गोठले, तर तुम्ही काय कराल?" जखमेला हात घालण्याआधी किती दिवस शरीर सावरायला शिकवायचं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, ते असू द्या. पण या प्रश्नाच्या उत्तरात "तिथंच थांबू" असं कुठंच आलं नाही, तर दुसरा माणूस शोधा.