टेक्सासच्या माळावरचा सीडर: यंत्र, करवत, आग की शेळ्या?

ऑस्टिनच्या पश्चिमेला, हिल कंट्रीत जमीन घेतली की पहिला सल्ला मिळतो तो सीडर काढून टाकण्याचा. सीडर म्हणजे तिथला ॲश ज्युनिपर, एक सदाहरित झाड. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याच्या परागांनी नाक-डोळे हैराण होतात, त्यामुळे त्याच्यावर लोकांचा राग असतोच. पण झाड तिथलंच आहे. पूर्वी ते मुख्यतः खडकाळ उतारांवर आणि घळींत दाट असे. मोकळ्या जमिनीवर लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास, साइडओट्स ग्रामा ही गवतं होती. अतिचराईने गवत गेलं, गवताअभावी वणवे पसरेनासे झाले आणि सीडरने माळ व्यापला. म्हणजे उतारावर तो मूळचा, सपाट माळावर पसरलेला. म्हणून मी आधी विचारेन, तुमची जमीन उताराची की सपाट?

बुलडोझर सगळ्यात झटपट काम करतो, आणि मला तोच सगळ्यात कमी पटतो. चुनखडकावर मातीचा थर पातळ असतो. तो उखडला की उघड्या जमिनीवर सहसा तिथल्या देशी गवताच्या आधी किंग रँच ब्लूस्टेम येतं. हे चाऱ्यासाठी आणि धूप थांबवण्यासाठी बाहेरून आणलेलं गवत एकदा बसलं की हटत नाही. आपलं मारवेलही टेक्सासात क्लेबर्ग ब्लूस्टेम नावाने असंच उपरं ठरलंय. आपली कुसळी मात्र तिथलीही देशी आहे.

हाताने, चेनसॉने निवडक तोड करायला वेळ आणि मजुरी दोन्ही जास्त लागतात. तरी छोट्या जमिनीला मी हेच सुचवेन. ॲश ज्युनिपर सर्वांत खालच्या हिरव्या फांदीखाली कापला तर पुन्हा फुटत नाही, झाड मारायचं औषधही लागत नाही. पश्चिमेकडचा रेडबेरी ज्युनिपर मात्र बुंध्यातून फुटतो, तेव्हा आधी जात ओळखा. तोडलेल्या फांद्या उताराला आडव्या टाकल्या की माती अडते आणि त्यांच्या आडोशाला गवताचं बी रुजतं. जॉन्सन सिटीजवळ डेव्हिड बॅम्बर्गर यांनी 1969 साली उजाड रान घेतलं, सीडर कमी करून देशी गवतं पेरली आणि आटलेले झरे पुन्हा वाहू लागले. मात्र हे बघून प्रत्येक जमिनीत पाणी वाढेल असं धरू नका. हिल कंट्री ज्याचा भाग आहे त्या एडवर्ड्स पठारावरच्या नद्यांच्या दीर्घ नोंदींत झाडी वाढत असतानाही झऱ्यांचा प्रवाह वाढलेला दिसतो, आणि त्याचं श्रेय अभ्यासक कमी झालेल्या चराईला देतात.

आग मोठ्या क्षेत्रावर स्वस्त पडते. कमरेएवढी रोपं तिने मरतात, मोठी झाडं बहुधा वाचतात. पण आग पसरवायला गवतच लागतं, म्हणजे आधी चराई थांबवायला हवी. दाट सीडरखाली गवत नसतं, आणि कोरड्या वाऱ्यात आग शेंड्यांना लागली तर आवरत नाही. त्यामुळे ही पहिली पायरी नव्हे. तोडणीनंतर, अनुभवी माणसं सोबत असताना आणि काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाची, जाळण्यावर बंदी नसताना मात्र नवी रोपं रोखायला तिच्यासारखं साधन नाही.

शेळ्या कोवळी रोपं खातात, पण त्याआधी ओकचे कोंब आणि रानफुलं संपवतात. आग शक्य नसेल तरच, आणि थोड्या दिवसांपुरत्याच सोडा.

कुठलाही मार्ग घ्या, उतारावरचे जुने, सालीच्या पट्ट्या सुटणारे सीडर ओकांसोबत राहू द्या. सोनेरी गालाचा वॉर्बलर फक्त मध्य टेक्सासात घरटं करतो, आणि ते त्या सालीच्या पट्ट्या कोळ्याच्या जाळ्याने जोडून विणतो. 1990 पासून तो संकटग्रस्त पक्ष्यांच्या सरकारी यादीत आहे. मार्च ते ऑगस्ट या विणीच्या काळात तिथे करवत लावू नका. फेब्रुवारी ते जून ओकलाही जखम होऊ देऊ नका, ओक विल्ट रोग त्या महिन्यांत सहज पसरतो. तोडीसाठी सप्टेंबर ते जानेवारी हाच काळ मोकळा उरतो.